पुसलेल्या काचा

मारुती सकपाळांनी साफ केलेली लेन्स परत आली, असं अकरा वर्षांत एकदाही घडलं नव्हतं. त्यामुळे क्षिप्राचा फोन आला तेव्हा संचिताला वाटलं, ही बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या कामाबद्दल बोलतेय.

क्षिप्रा ठाण्याची, लहान बाळांचे फोटो काढायची. तिच्या मामाच्या फिल्मच्या कॅमेऱ्याची एक जुनी रशियन लेन्स होती. ती आपल्या डिजिटल कॅमेऱ्याला बसवून घ्यायला तिने मे महिन्यात संचिताकडे दिली होती.

"ताई, बसलीय एकदम मस्त," ती फोनवर म्हणाली, "पण फोटो पांढरट येतात. मागे खिडकी असली की चेहऱ्यावर दूध सांडल्यासारखं दिसतं. मामा वापरायचा तेव्हा असं नव्हतं."

दोन दिवसांनी लेन्स डोंबिवलीला संचिताकडे आली. संचिताने ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरली. जुन्या लेन्सच्या काचेवर एक पातळ थर असतो, कोटिंग म्हणतात त्याला. उजेडात तो जांभळट निळा झळकतो. कडेला तो दिसत होता, पण मधोमध रुपयाएवढ्या गोलात काहीच झळकत नव्हतं, नुसती उघडी काच. आणि काच ज्या कड्यात बसते त्याच्या खाचेत गुलाबी पावडरीचा एक बारीक कण अडकून राहिला होता. ही पावडर काच घासायची. मारुतीकाका ती वर्षातून एखाद्या वेळी वापरायचे, तीही ज्या लेन्सची कुणी आशा धरलेली नाही तिच्यावर. या लेन्सला तर नुसती बुरशी लागली होती, आणि तीसुद्धा कडेला. फडक्याने निघाली असती.

संचिताने लेन्स फडक्यात गुंडाळली आणि कितीतरी वेळ तशीच हातात धरून बसली.

संचिता घाडी पूर्वी एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये होती. डिप्लोमा करून लागलेली, लेथवर काम करणारी तिथली एकटीच बाई. हौसेने तिने एक डिजिटल कॅमेरा घेतला आणि त्याला वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याची लेन्स लावून बघायचं ठरवलं. मधलं जोडकडं ऑनलाइन मागवलं, तर ते पाव मिलिमीटर जाड निघालं. ऐकायला पाव मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण लेन्स आणि कॅमेऱ्यातला सेन्सर यांच्यात तेवढं अंतर वाढलं की जवळची माणसं नीट येतात आणि लांबचं काहीही नीट येत नाही. कितीही फिरवा, डोंगर पुसटच. तिने जेवणाच्या सुट्टीत ते कडं लेथवर चढवलं आणि अंदाज घेत घेत तासलं. दुसऱ्या दिवशी गच्चीवरून मलंगगडाचे सुळके सुईसारखे स्वच्छ आले. तो फोटो तिने एका ग्रुपवर टाकला आणि लोक विचारत आले. टूलरूम बंद पडली तेव्हा तिने तिथलंच एक लहान लेथ घेतलं, घरामागच्या गल्लीत एक गाळा भाड्याने घेतला, आणि जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्यांना बसवून देणं हाच तिचा धंदा झाला.

पण तिचा हात धातूवर चालायचा, काचेवर नाही. चाळीस-पन्नास वर्षांची लेन्स कपाटातून बाहेर येते तेव्हा तिच्यात बुरशी असते, ग्रीस आटून दगड झालेलं असतं. ते काम कुणाला द्यायचं हे विचारत ती फिरत होती, तेव्हा टेंभी नाक्याजवळच्या एका कॅमेरा दुरुस्तीवाल्याने तिला आंबिवलीचा पत्ता दिला.

मारुतीकाका मूळचे खेडकडचे. ठाण्यातल्या एका कारखान्यात दुर्बिणी आणि मोजणीची यंत्रं दुरुस्त करायच्या खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर आंबिवलीला दोन खोल्या घेऊन राहिले. खिडकीशी टेबल, टेबलावर पांढरी चादर, म्हणजे पडलेला स्क्रू दिसतो. लेन्स उघडली की आतल्या काचा कुठल्या क्रमाने, कुठल्या बाजूने बसल्यात, त्याचं चित्र ते शाळेच्या वहीत काढायचे. अशा एकोणीस वह्या भरल्या होत्या. काम हातात घेण्याआधी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "कुणाची आहे?" गिऱ्हाइकाचं नाव नको असायचं त्यांना. लेन्स मुळात कुणाची होती, कुणी वापरली, ते सांगावं लागायचं. मग मान हलवायचे आणि पाना उचलायचे.

क्षिप्राची लेन्स घेऊन संचिता आंबिवलीला गेली तेव्हा ते टेबलाशीच होते. काकी, म्हणजे गंगुबाई, आत भाजी निवडत होत्या.

"काका, ह्या लेन्सला पावडर लावलेली का?"

"लावावी लागली. धुकं जाईना." त्यांनी लेन्स हातात घेतली, टॉर्च मागून लावला. "हे बघ, अजून आहे. मधोमध. ढगासारखं."

संचिताने डोळा लावला. कोटिंग गेलं होतं, पण काच पाण्यासारखी स्वच्छ होती. धुकं कुठेच नव्हतं.

"आणि ही एकटीच नाही," काका म्हणाले. "ह्या पावसाळ्यात सगळ्यांचं हेच. हवा दमट आहे ना. ही बघ, कालपासून चौथ्यांदा पुसतोय."

त्यांनी बाजूच्या ताटलीतून एक लेन्स उचलली आणि खिडकीकडे धरून डोळा बारीक केला. "थोडं राहिलंय. कडेला गेलंय, पण मधे आहे."

संचिता बघत राहिली. त्यांच्या हातात होतं ते लेन्सचं रिकामं नळकांडं होतं. त्याच्या काचा त्यांनीच काढून पलीकडच्या डबीत कापसावर ठेवल्या होत्या. नळकांड्यातून थेट समोरच्या इमारतीची गॅलरी दिसत होती, वाळत घातलेल्या कपड्यांसकट.

तिने चहा घेतला, काचांची डबी हळूच त्यांच्या हाताशी सरकवली आणि निघाली. जिन्यापर्यंत काकी तिच्या मागोमाग आल्या.

"काय झालं गो? तोंड का उतरलं?"

"काकी, काकांचे डोळे दाखवायला हवेत."

गंगुबाईंनी पदराला हात पुसले. "मोतीबिंदू असेल. त्यांना कळतं सगळं. पण बाय माझे, तू काम बंद नको हो करू त्यांचं. मुलगा तिकडे पुण्याला, फोन आठवड्यातून एकदा. ह्या टेबलावर जगतात ते. ते गेलं ना, तर मग नुसते बसून राहतील."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं. सुशांत कमी बोलणारा माणूस. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "उचल आणि डॉक्टरकडे ने. ह्यात विचार कसला करतेस?"

"अरे, पण त्यांना सांगू काय? तुम्ही रिकाम्या नळकांड्यात धुकं बघताय म्हणून?"

"तेच सांग."

तिला ते जमेना. दुसऱ्या खेपेला तिने चष्म्याच्या नंबराचा विषय काढून बघितला. काका म्हणाले, "हो, बघायचंय. दिवाळीनंतर बघू." त्यांच्या आवाजात असं काही होतं की तिने विषय तिथेच सोडला. क्षिप्राला तिने स्वतःकडची तसलीच दुसरी लेन्स बसवून दिली आणि चूक माझ्या हातून झाली असं सांगितलं.

आणि मग तिने जे केलं, त्याचं तेव्हा तिला मनातून कौतुकच वाटलं होतं.

अकरा वर्षं काकांच्या शेजारी बसून ती बघत आली होती. आपल्याच दोन लेन्स तिने उघडल्या. एक बिघडवली, दुसरी जमली. गणपती आले तोवर साध्या लेन्स तिच्या हाताखाली यायला लागल्या. गिऱ्हाइकाची लेन्स आली की दुपारी गाळ्याचं शटर अर्धं ओढून ती स्वतः साफ करायची, कडं बसवायची, मलंगगडावर तपासायची. मग कडं पुन्हा काढायचं, पुढच्या काचेवर बोटाने किंचित खडूची पूड लावायची, आणि लेन्स आंबिवलीला न्यायची.

"काका, फार नाहीये ह्याला. वरवर पुसायचीय फक्त. पावडर नको, गिऱ्हाईक म्हणालंय."

"कुणाची आहे?"

"कल्याणच्या एका मास्तरांची. शाळेच्या सहलींचे फोटो काढायचे."

काका मान हलवायचे. पुसायचे, टॉर्च लावायचे. "मला जरा दिसतंय अजून."

"नाही काका. आरपार झालीय."

"नक्की?"

"नक्की."

मग ते लेन्स खाली ठेवायचे. असं पहिल्यांदा झालं तेव्हा तिला फार अपराधी वाटलं. पाचव्या-सहाव्यांदा तेवढं वाटेनासं झालं. नंतर तर सवयच झाली. काकांचा चेहरा बरा दिसायला लागला. ते पुन्हा जुन्या कारखान्यातल्या गोष्टी सांगायला लागले. दिवाळीला काकींनी तिला डबाभर करंज्या दिल्या आणि हात दाबून म्हणाल्या, "तुझ्यामुळे चाललंय." दिवाळीनंतर डोळे दाखवायचे होते हे कुणालाच आठवलं नाही. सुशांतने एकदा विचारलं, तर ती म्हणाली, "ठीक आहेत रे ते. खूश आहेत."

होळीच्या आदल्या दिवशी काका भाजी घेऊन येत होते. रस्त्याच्या कडेने चालले होते, नेहमीच्याच. उजव्या हाताला एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, हॉर्न देत होता. लोकांनी नंतर सांगितलं, की त्यांनी तिकडे मान वळवलीच नाही, सरळ त्याच्या वाटेत पाऊल टाकलं. टेम्पो हळू होता म्हणून वाचले. मनगट मोडलं, कपाळाला टाके पडले. टाके घालणाऱ्या डॉक्टरने त्यांच्या चेहऱ्यासमोर आपलं बोट कडेकडेने फिरवून बघितलं आणि चिठ्ठी लिहून दिली, ठाण्याला जाऊन डोळे तपासून घ्या, लगेच.

मुलगा येऊन दोन दिवस राहून गेला. तपासणीची तारीख तो गेल्यानंतरची मिळाली, म्हणून संचिताच त्यांना घेऊन गेली, सोबत काकी.

तिथे एका अंधाऱ्या खोलीत काकांना एका पांढऱ्या, मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रासमोर बसवलं. हनुवटी टेकवायची, समोर एका ठिपक्याकडे बघत राहायचं आणि आजूबाजूला कुठेही बारीक दिवा लागलेला दिसला की हातातलं बटण दाबायचं. संचिता दाराशी उभी होती. यंत्र सारखं टिकटिक करत होतं. काका बटण मधूनच दाबत होते, मग बराच वेळ नाही, मग एकदा.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "फारच थोडे दिवे लावले त्यांनी. मला वाटलं, यंत्रच बिघडलंय."

डॉक्टर तिशीतली मुलगी होती. टेबलावर दोन छापील कागद होते. जिथे दिसत नाही तिथे काळं. उजव्या डोळ्याचा कागद जवळजवळ सगळाच काळा होता. डाव्याच्या मधोमध एक करडा लंबगोल उरला होता, सुपारीएवढा.

"मोतीबिंदू आहे का हो?" काकींनी विचारलं.

"तोही थोडा आहे, पण तो प्रश्न नाही. हा काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढत जातो आणि मागची नस हळूहळू मरते." ती काकांकडे वळली. "आजोबा, आधी कधी त्रास जाणवला नाही? धूसर दिसणं, दिव्याभोवती रंगीत कडी?"

"जाणवला ना. गेल्या पावसात," काका म्हणाले. "सगळ्या लेन्स धुरकट दिसायच्या. मी लेन्स साफ करतो, जुन्या कॅमेऱ्यांच्या. मलाच तेव्हा शंका आलेली, की हे काचेत नाही, डोळ्यातच काहीतरी आहे. कल्याणच्या एका डॉक्टरकडे नंबरसुद्धा लावलेला."

गंगुबाईंनी वळून नवऱ्याकडे बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं.

"मग गेलात का नाही?"

"सुधारलं मग. म्हणजे, मला दिसायचं थोडं धुकं, पण गणपतीनंतर एकही लेन्स परत आली नाही. एकही नाही. ही मुलगी म्हणायची आरपार झालीय, गिऱ्हाईक खूश. म्हटलं, डोळे खराब असते तर हाताखालून असं काम झालं असतं का? धुकं आपल्या मनातच आहे. म्हणून नंबर रद्द केला."

डॉक्टर रागावली नाही. तिने कागद नीट एकावर एक ठेवले. "तेव्हा आला असतात तर थेंबांवर बरंच राखता आलं असतं. काचबिंदूत जे गेलं ते परत येत नाही. आता उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू."

संचिता भिंतीला टेकून उभी होती.  खोलीतल्या कुणीच तिच्याकडे बघितलं नव्हतं.

काकी औषधांच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि ती दोघं बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर बसली. काकांचा प्लास्टरमधला हात गळ्यातल्या झोळीत होता. समोर एक बाई मुलाला केळं भरवत होती.

"काका," संचिता म्हणाली, "त्या लेन्स तुमच्याकडे यायच्या त्या आधीच साफ केलेल्या असायच्या."

त्यांनी मान तिच्याकडे वळवली. तिला शोधायला त्यांना पूर्ण वळावं लागलं, हे तिच्या आता लक्षात आलं.

"म्हणजे?"

"मी करायचे. गाळ्यात. मग वरून खडू लावून आणायचे, तुम्हाला पुसायला काहीतरी हवं म्हणून. श्रावणात तुम्ही माझ्यासमोर रिकामं नळकांडं उचललेलं आणि म्हणालेलात, आत धुकं आहे. मला तेव्हाच कळलेलं. सांगायला धीर नाही झाला."

काकांनी गळ्यातली झोळी सारखी केली.

"सगळ्या?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याच."

"मास्तरांची?"

"तीही."

"दिवाळीत ती जर्मन आणलेलीस, छोटी. तिच्या मागच्या जोडकाचेत बुरशी होती म्हणालीस."

"होती. ती काढायला मला तीन दिवस लागले."

"कशाने काढलीस?"

तिने सांगितलं. कुठलं द्रावण, किती वेळ ठेवलं, कसल्या कापडाने पुसलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्येच त्यांनी डोकं हलवलं, जसं ती नीट सांगत असली की हलवायचे.

"बरोबर केलंस," ते म्हणाले. आणि मग, आवाज न चढवता, "मी तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवला गं. माझ्यापेक्षा जास्त."

ती रडायला लागली. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला नाही, की गप्प बस म्हणाले नाहीत. काकी औषधांची पिशवी घेऊन आल्या, एकदा हिच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "चला, उशीर होतोय."

त्यानंतर काका फोनवर आले नाहीत. काकी उचलायच्या. "झोपलेत," म्हणायच्या. कधी खरंच झोपलेले असायचे. एकदा हळू आवाजात म्हणाल्या, "मला सांगितलं त्यांनी सगळं. मीच तुला म्हटलेलं ना, काम बंद करू नको. तर माझंही आहेच त्यात." संचिताला उलट काकींनी चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

सुशांतने मात्र एकदाच विचारलं. "त्यांना वाईट वाटेल म्हणून नाही सांगितलंस, की तुला सांगायला जड जात होतं म्हणून?" त्याने टोचून नव्हतं विचारलं, त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती लेथ पुसत होती, पुसतच राहिली. नंतर कितीतरी दिवस तो प्रश्न तिच्याबरोबर गाळ्यात यायचा. खरं उत्तर सापडायला तिला फार शोधावं लागलं नव्हतं. ते कबूल करायलाच वेळ लागला.

मेमध्ये ती न विचारताच आंबिवलीला गेली. टेबल खिडकीपासून हलवलेलं होतं, चादर काढलेली. काका खुर्चीत बसून रेडिओ ऐकत होते. हाताचं प्लास्टर निघालं होतं, पण बोटं अजून नीट मिटत नव्हती.

"लेन्स आणलीयस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणू नकोस." मग म्हणाले, "कपाटात खाली वह्या आहेत. त्या ने. मला आता चित्रं लागत नाहीत, आणि तुला लागतील."

ती नको म्हणाली. त्यांनी पुन्हा सांगितलं नाही, पण निघताना काकींनी वह्यांचा गठ्ठा दोरीने बांधून दारात ठेवलेला होता. तिने तो उचलला. घरी नेऊन उघडला तेव्हा शेवटच्या वहीत गेल्या पावसाळ्यातली पानं निघाली. काचांचे गोल एकमेकांवर चढलेले, रेघा कागदाबाहेर गेलेल्या, अक्षरं आकड्यांत मिसळलेली. चार-पाच पानं तशी होती. पुढे वही कोरी.

त्यानंतर ती दर रविवारी जाऊ लागली. भाजी न्यायची, पेपर वाचून दाखवायची, थेंब घालायची. काका बसू द्यायचे, घालू द्यायचे. पाणी किती वाजता येतं, कोणत्या बिल्डिंगला नोटीस आली, मुलाचं पुण्यात कसं चाललंय, सगळं बोलायचे. लेन्सचा विषय कुणी काढत नसे. जूनमध्ये उजवा डोळा पूर्ण गेला. जुलैमध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, दाब थोडे दिवस उतरला आणि परत चढला. डॉक्टरने थेंब बदलले. कपाळावरच्या टाक्यांची खूण फिकी होत गेली.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सकाळी संचिता आंबिवली स्टेशनकडून काकांकडे जात होती. बँकेच्या कोपऱ्यावर तिला काका दिसले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात दळणाचा डबा. एकटेच. गिरणी दोन गल्ल्या पलीकडे होती. ते भिंतीच्या बाजूने पावलं मोजत चालले होते, ओठ हलत होते.

ती हाक मारणार होती. मग वाटलं, एवढ्या दिवसांनी स्वतःहून बाहेर पडलेत, हाक मारली तर ओशाळतील. आपण मागून मागून जावं, काही आडवं आलं तर धरावं, नाहीतर त्यांना कळूसुद्धा देऊ नये. ती चपला न वाजवता दहा-बारा पावलं मागे चालत राहिली. एका दुकानापुढे सायकल आडवी होती, तिने हात करून दुकानदाराला खूण केली आणि त्याने ती सरकवली. काका पुढे गेले. त्यांना काही कळलं नाही.

आणि तेव्हा तिचे पाय जागच्या जागी थांबले. आपण पुन्हा तेच करतोय, हे तिच्या ध्यानात आलं. तिने हाक मारली.

"काका, मी आहे. संचिता. तुमच्या मागे."

ते थांबले. वळले नाहीत.

"केव्हापासून?"

"बँकेच्या कोपऱ्यापासून. वाटेत सायकल होती, ती मी बाजूला करायला लावली."

"मग तेव्हाच सांगायचं."

"हो."

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. ती बाजूला जाऊन उभी राहिली.

"चल," ते म्हणाले. "हात धरू नको. काही असलं तर सांग."

"चार पावलांवर गटाराचं झाकण आहे. एका बाजूने वर आलंय."

"कुठल्या?"

"डाव्या."

ते उजवीकडून गेले. गिरणीत चार डबे आधीचे होते. दोघं बाहेरच्या फळीवर बसली. आत पट्टा फिरत होता, त्यामुळे बोलायला जरा मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि काकांनी तिच्या कानाजवळ तोंड आणलं.

"डाव्याचंही फार राहिलं नाहीये आता," ते म्हणाले. "गेल्या आठवड्यापासून. तुझा चेहरा दिसत नाही मला, नुसता उजेड दिसतो. हिला अजून बोललो नाहीये."

संचिताने मांडीवरचे हात घट्ट धरले. नाही काका, बरं होईल, असं तोंडाशी आलेलं तिने गिळलं.

"काकींना सांगायला हवं," ती म्हणाली.

"सांगतो. दळण घेऊन घरी गेलो की सांगतो." आतून गिरणीवाल्याने पुढच्या डब्यासाठी हाक दिली. काकांनी आपला डबा चाचपून जवळ ओढला. "मी सांगेन तेव्हा तू तिथे थांब."

"थांबते."